दोन दुकानांचे रामटेके सर

अन्वी, निहार, परवा व्हिडिओ कॉलवर तुमचा तो घरं-रस्ते विकत घेण्याचा पटावरचा खेळ चालला होता. अन्वीने सगळ्या गल्ल्या आणि सगळी स्टेशनं घेऊन टाकली, निहार कंगाल होऊन रडायला लागला, आणि तुमच्या बाबाने मला माझी नात कशी जिंकली ते दाखवायला कॅमेरा पटाकडे वळवला. मी कौतुक केलं, पण मनात रामटेके सर आले. सर तिथे असते तर त्यांनी अन्वीला जिंकलेली मानलंच नसतं. पटावर हात ठेवून म्हणाले असते, की आता खरी चौकशी सुरू व्हायला पाहिजे.

तुमचा बाबा लहानपणी हाच खेळ त्यांच्यासोबत खेळलेला आहे, विचारा त्याला. सर कुठल्याही रस्त्यावर एकापेक्षा जास्त घर घेत नसत. कोणी बुडायला लागला की आपली एखादी जागा त्याला स्वस्तात देऊन टाकत, कारण खेळाडू कमी झाले की बाजार मरतो. तो डाव एका दिवाळीच्या सुट्टीत सुरू झाला आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून संपलेला नाही.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांचा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं मी सोडून देते. ते निरोप समारंभाच्या पत्रिकेत छापून झालं आहे, आणि त्यात त्यांच्यासारखं काहीच नव्हतं. धानोऱ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते आणि ते वाणिज्य, एवढं पुरे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. त्यांचा एकच विषय होता. बाजारात एक दुकान असलं की गिऱ्हाईक गुलाम, दोन असली की गिऱ्हाईक राजा, आणि दोन्ही दुकानदार आतून एक झाले की गिऱ्हाईक गाढव. सरकारने स्वतः दुकान टाकू नये, असं ते म्हणत. दुसरा दुकान टाकायला आला तर पहिल्याने त्याचा पाय ओढू नये, हे बघावं. हे ते प्राचार्यांना सांगत, शिपायाला सांगत, आणि बस उशिरा आली तर बसस्टँडवर जो भेटेल त्याला सांगत.

नुसतं सांगत नसत, तसं जगतही असत, आणि ते बघणं ही धानोऱ्यात एक करमणूक होती. आठवडी बाजारात ते प्रत्येक बाईकडून एक वांगं घेत. सगळ्या जगल्या पाहिजेत म्हणून. भाजीवाल्या बायांना याचा इतका सराव झाला होता, की सर लांबून दिसले की जी ती एक किडकं वांगं बाजूला काढून ठेवायची. घरी गेल्यावर प्रमिलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ती सगळी किडकी वांगी ओट्यावर मांडून त्यांना विचारत, की ही स्पर्धा नेमकी कशात चालली आहे.

कॉलेजसमोर चहाच्या दोन टपऱ्या होत्या. सर एकीकडे अर्धा कप पीत आणि रस्ता ओलांडून दुसरीकडे अर्धा. दोघेही टपरीवाले त्यांच्याकडून पैसे मात्र पूर्ण कपाचे घेत. मी हे एकदा लक्षात आणून दिलं, तर ते गंभीर झाले. म्हणाले, "मॅडम, यालेच म्हणते संगनमत. पण मी आताच बोललो तं दोघंही बंद करतीन. पुरावा जमा करून राह्यलो." तो पुरावा ते निवृत्त होईपर्यंत जमा करत राहिले, दिवसातून दोनदा.

प्रमिलाबाई त्यांच्यापेक्षा हुशार होत्या, हे मी लेखी द्यायला तयार आहे. एका रविवारी सरांच्या लक्षात आलं की आपल्या स्वयंपाकघरात गेली कित्येक वर्षं निव्वळ मक्तेदारी चालू आहे. त्यांनी जाहीर केलं की आजपासून महिन्यातून एका रविवारी वरण दोन हातांचं होईल, एक प्रमिलाबाईंचं, एक त्यांचं, आणि मुलं सांगतील कोणाचं चांगलं. जो जिंकेल त्याच्याकडे महिनाभर स्वयंपाकघर. पहिल्या रविवारी सरांचं वरण कच्चं होतं. प्रमिलाबाईंनी शांतपणे आपल्या वरणात मुठीने मीठ टाकलं. मुलांनी सरांना निवडलं. पुढच्या महिन्यात प्रमिलाबाईंनी वरण करपवलं. त्यानंतरच्या महिन्यात तर त्यांनी वरणात साबुदाणा घातला. सर सतत जिंकत राहिले आणि दाढी करायच्याही आधी उठून कणीक मळू लागले. प्रमिलाबाई अंगणात पेपर वाचत बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की काय करू बाई, मी हरली.

न्हाव्याची गोष्ट तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितली असेल, पण तो ती चुकीची सांगतो. खरी अशी. तेव्हा आमच्या भागात वामनभाऊंचं एकच सलून होतं. वामनभाऊ केस चांगले कापत, पण ज्याचे कापत त्याच्याशी बोलत नसत, वाट बघणाऱ्यांशी बोलत, आणि बोलताना कात्री हवेत धरून ठेवत. दाढी अर्धी झाली की चहाला जात. सर संतापले. आरमोरीला जाऊन त्यांनी सुभाष नावाचा एक तरुण कारागीर शोधला, त्याला गाळा मिळवून दिला, त्याच्या उद्घाटनाला नारळ फोडला, आणि बाजाराच्या फायद्यांवर अर्धा तास बोलले. सुभाषचं पहिलं गिऱ्हाईक तोपर्यंत अंगाला पांढरं कापड गुंडाळून बसून होतं.

काही महिने स्वर्ग होता. वामनभाऊ गप्प झाले, सुभाषने पंखा लावला, वामनभाऊंनी दोन लावले. मग एक दिवस दोन्ही दुकानांत एकाच रंगाने रंगवलेली, एकाच दराची पाटी लागली आणि पंखे बंद झाले. सरांनी माग काढला. सुभाष आणि वामनभाऊंची मुलगी यांचं लग्न ठरलं होतं. आणि ते जुळवलं कोणी, तर सरांनीच. सुभाष एकटा आहे, त्याची जेवणाची आबाळ होते, जरा बघा, असं त्यांनी स्वतः वामनभाऊंना सांगितलं होतं.

सर लग्नाला गेले, आहेर दिला, जेवले, आणि मांडवातच वामनभाऊंना म्हणाले की हे विलीनीकरण आहे आणि याला आधी परवानगी लागते. वामनभाऊ म्हणाले, परवानगी पोरीच्या मामाची घेतली हाये. त्या दिवसापासून सरांनी निषेध म्हणून केस कापणं बंद केलं. कॉलेजच्या गॅदरिंगच्या फोटोत खांद्यापर्यंत केस असलेले जे गृहस्थ दिसतात ते भजनी मंडळाचे नाहीत, ते वाणिज्य विभागप्रमुख आहेत. शेवटी प्रमिलाबाईंनी दुपारी ते झोपलेले असताना शिवणकामाच्या कात्रीने निकाल लावला. डावी बाजू जास्त निघाली.

तेव्हा नवीन स्पर्धा कायदा आला होता आणि सर तो उशाशी घेऊन झोपत. त्यातलं एक कलम त्यांना विशेष आवडायचं. व्यापाऱ्यांनी आतून हातमिळवणी केली असेल आणि त्यातला एक जण स्वतःहून पुढे येऊन सगळं सांगेल, तर जो पहिला सांगतो त्याची शिक्षा माफ होऊ शकते. जो मागे राहिला तो मेला. सर म्हणत, की कटात सगळ्यांत कच्ची वीट म्हणजे शेजारची वीट, आणि हा कायदा प्रत्येक विटेला तेच सांगतो.

हे त्यांनी वर्गात वापरून बघितलं. एका चाचणीत अर्ध्या वर्गाचं एकच चुकीचं उत्तर आलं. सरांनी जाहीर केलं, जो पहिला येऊन कॉपीचं सांगेल त्याला माफी, दुसऱ्याला अर्धी, बाकीच्यांना शून्य. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा स्टाफरूमपासून पाण्याच्या टाकीपर्यंत रांग होती. ज्यांनी कॉपी केली नव्हती तेही आले होते, उगाच मागे राहायला नको म्हणून. एक मुलगी तर चाचणीच्या दिवशी आजारी होती, तीही कबुली द्यायला उभी होती. रांगेत घुसण्यावरून मारामारी झाली आणि प्राचार्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं. सर मात्र खूश होते. कायदा चालतो, असं ते मला दिवसभर सांगत होते.

आता पळसटोल्याची गोष्ट. ही थोडी लांब आहे, पण सर कसे होते ते हिच्यातच दिसतं.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावरची ही गोष्ट. पळसटोला म्हणजे धानोऱ्याहून आत, जंगलातलं गाव. बिडीला लागणारी तेंदूची पानं तिथले लोक उन्हाळ्यात तोडतात आणि आता ती विकायचा हक्क गावाच्या ग्रामसभेचा आहे. पण हक्क आला तरी घेणारा एकच होता. एक जुना ठेकेदार वर्षानुवर्षं यायचा आणि तो म्हणेल तो भाव. त्या वर्षी ग्रामसभेच्या अध्यक्ष सुगंधाबाई हलामी होत्या. सरांचं ऐकून त्यांनी त्या ठेकेदाराला नाही म्हटलं आणि उघड लिलाव ठेवला. गावातले काही म्हातारे आधीच कुरकुरत होते. लिलाव फसला तर झाडावरची पानं जून होणार, आणि त्याच ठेकेदाराच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार. मग सुगंधाबाईंचं पुन्हा कोणी ऐकलं नसतं. हे त्यांनी सरांना साध्या शब्दांत सांगून ठेवलं होतं.

लिलावाच्या दिवशी मीच गाडी चालवत गेले, कारण माझ्याकडे गाडी होती आणि सरांकडे फक्त मतं. शाळेपुढच्या मोहाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं होतं. तीन व्यापारी तीन गाड्यांतून आले. एकाच्या पायात पांढरे बूट, एकाला सोनेरी चष्मा, आणि तिसरा सतत फोनवर. एकमेकांना ओळखही दाखवली नाही. पण दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा फोनवाल्याच्या गाडीतून एकच मोठा डबा निघाला आणि तिघांनी त्यातूनच मटण खाल्लं. सरांनी माझा दंड इतका जोरात दाबला की मला वाटलं त्यांना काही झालं. नंतर तिघांनी बोली लावली. तिघांची एकच, आणि ती मागच्या वर्षीपेक्षाही कमी. सुगंधाबाईंनी वाढवा म्हटलं. तिघांनीही हात जोडले आणि मंदी आहे म्हणाले. पांढऱ्या बुटांनी तर डोळेही पुसले.

सर उठले. शाळेला तीन खोल्या होत्या. त्यांनी सुचवलं की तिघांना तीन खोल्यांत बसवा. मी एकेकाशी गुपचूप बोलतो. जो पहिला खरा भाव सांगेल त्याला पानं, बाकीचे रिकाम्या हाताने परत. खोल्यांची कल्पना गावाला आवडली. पण सुगंधाबाई म्हणाल्या, "सर, आमच्या इथी एकट्यात बोलणं नाई चालत. त्या ठेकेदारानं आधीच्या लोकायसंग एकट्यात बोलून बोलूनच गाव खाल्लं. जे बोलणं होईन ते सगळ्यायसमोर."

सरांनी समजावून पाहिलं. गुप्तता नसेल तर कोणी फुटत नाही, कायद्यातसुद्धा नाव झाकून ठेवतात, वगैरे. सुगंधाबाई हलल्या नाहीत. शेवटी ठरलं की खोल्या तीनच, पण ज्या खोलीत बोलणं चालेल त्या खोलीत सगळं गाव असेल. मग सगळं गाव उठलं आणि पांढऱ्या बुटांच्या खोलीत शिरलं. बाया, पोरं, म्हातारे, दोन कुत्री. जे मावले नाहीत ते खिडकीत बसले. सर माझ्याजवळ पायरीवर येऊन बसले. चेहरा उतरला होता. मला म्हणाले, "मॅडम, संपलं. मीच हिले लिलाव कर म्हटलं होतं. जत्रेत कोणी कबुली देते काय?"

आत मात्र भावाचं बोलणं सुरूच झालं नव्हतं. पाहुणा घरात आला की आधी त्याची विचारपूस, हा तिथला रिवाज. नाव, गाव, पोरंबाळं, म्हशी किती. त्याला आंबील दिली. मग एका म्हाताऱ्याने विचारलं की तुझं कूळ किती देवांचं. गोंडांत हे विचारतातच. चार देवांचे, पाच, सहा, सात, त्यावरून सोयरीक कुठे होते ते कळतं. पांढऱ्या बुटांना वाटलं घरातले देव विचारतायत. तो बोटांवर मोजायला लागला. गणपती, मारुती, बालाजी, घरच्या माताजी. लोक माना डोलवत ऐकत होते. सातच्या पुढे गेल्यावर कोणीतरी म्हणालं, बापरे, याला तर पोरगी कोणी देणार नाही. आणि सगळी खोली हसली.

हे हसणं भिंतीपलीकडे गेलं. सोनेरी चष्मा आपल्या खोलीच्या खिडकीतून वाकून शेजारी डोकावला. त्याला दिसलं ते एवढंच, की सगळं गाव त्याच्या जोडीदाराभोवती बसलं आहे, आंबील फिरते आहे, तो बोटांवर काहीतरी मोजून सांगतो आहे आणि लोक खुशीत आहेत. त्याने खिडकीतून सरांना बोलावलं आणि दबक्या आवाजात एक आकडा सांगितला, बराच वरचा. सर उडालेच. तेवढ्यात तिसऱ्या खोलीच्या खिडकीतून फोनवाला शुक-शुक करायला लागला. सर या खिडकीतून त्या खिडकीत धावत होते, दोन्ही कानांवर हात ठेवून. मला काही सांगू नका, इथे एकट्यात बोलणं चालत नाही, सांगायचं तर आत जाऊन सगळ्यांपुढे सांगा, असं ओरडत. निवृत्त माणसाला मी इतकं जोरात धावताना पाहिलं नव्हतं.

दोघंही एकदम पहिल्या खोलीच्या दारात अडकले आणि तिथूनच आकडे ओरडायला लागले. पांढरे बूट अकराव्या देवावर होते. त्याने वळून पाहिलं, चेहरा लाल झाला, मटण खाताना काय ठरलं होतं ते सगळ्या गावापुढे बोलून गेला, आणि रागाच्या भरात दोघांच्याही वरचा आकडा बोलला. त्यानंतर जो झाला तो खरा लिलाव. मागच्या वर्षीचा भाव कधी मागे पडला ते कळलंही नाही. पानं सोनेरी चष्म्याला गेली. सुगंधाबाईंनी ते दोनदा मोठ्याने सांगितलं. कुरकुरणारे म्हातारे आता कौतुकाने खोकत होते. ज्याने देव विचारले होते तो म्हातारा मात्र पांढऱ्या बुटांना सोडेना. मोजणी अर्धी राहिली, ती पुरी करून जा म्हणत होता.

परतताना गाडीत सर कायदा कसा चालला ते मला सांगत राहिले. मी म्हटलं, सर, कायद्यात गुप्तता होती, इथे तर कुत्रीसुद्धा हजर होती.  तर ते म्हणाले, की दुरुस्ती सुचवायला पाहिजे.

पुढच्या वर्षी ग्रामसभेने त्यांना कायमचा सल्लागार करायचं ठरवलं. सर चिडले. कायमचा आणि एकटा, म्हणजे पुन्हा तेच. त्यांनीच हट्ट धरला की जागा उघडी ठेवा, ज्याला यायचं त्याने यावं, सभेने निवडावं. त्यांना वाटलं असावं की दुसरं कोण येणार. आली रेश्मा. गावचीच मुलगी, सरांकडेच बी.कॉम. केलेली, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यांनीच तिला पहिल्या श्रेणीत पास केलेलं. सर तासभर बोलले. तत्त्व, कायदा, सरकारची जबाबदारी. खूप छान बोलले, मी इंग्रजीची प्राध्यापक म्हणून सांगते. रेश्मा गोंडीत थोडं बोलली आणि बसली. सभेने तिला घ्यायचं म्हटलं.

पण तिथे हात मोजून निकाल लागत नाही. बसलेला प्रत्येक माणूस हो म्हणेपर्यंत सभा उठत नाही. एकेक जण हो म्हणत गेला, आणि सुगंधाबाई सरांकडे वळल्या. म्हणाल्या, "सर, तुमचं बाकी आहे."

सर म्हणाले मी तर उमेदवार. त्या म्हणाल्या इथे बसला आहात ना, मग तुमचंही पाहिजे. सगळं गाव सरांकडे बघत थांबलं. उन्हं वाढली. एक म्हातारा आडवा झाला. सरांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. मला वाटलं आता भाषण होणार. पण ते रेश्माकडे वळले आणि परीक्षकाच्या आवाजात त्यांनी विचारलं, की तीन व्यापारी आले आणि तिघं एकच भाव बोलले, तर तू काय करशील.

रेश्मा म्हणाली, "मी तिघायवर राहूनच नाई राहाणार, सर. चौथ्या-पाचव्याले महिनाभर आधी बोलावून ठेवीन. सिरोंच्याकडून, तेलंगणातून. फोन करून ठेवले आहे."

सरांनी मान खाली घातली. हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, की सुचलं होतं आणि सांगायचं राहिलं होतं, ते मला कळलं नाही. मग त्यांनी हात वर केला. पूर्ण, सरळ, वर्गात पहिल्या बाकावरची मुलं करतात तसा. लोकांनी बघितलं, सभा संपली, माणसं उठून धोतरं झटकायला लागली, बाया पोरांना हाका मारत निघाल्या. सर तिथेच बसून होते, हात तसाच वर, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तेच निवडून आले.

सुगंधाबाई जाता जाता थांबल्या. म्हणाल्या, "हात खाली करा, सर. दिसला सगळ्यायले."